बापू, हे तुलाच विचारायचं आहे

नाशिक,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

गणपतीतलं तुझं पत्र टेबलावर काचेखाली आहे. उत्तर लिहायला घेतलं की दारात कुणीतरी वही घेऊन उभं असायचं. आज दार लावून बसलोय. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझा मुलगा फोन स्पीकरवर टाकतो, सूनबाई प्रकृती विचारते, नात मधेच शिट्टी वाजवते आणि आपण दोघं पावसाचं बोलून ठेवून देतो. आणि ही गोष्ट तू एकट्याने वाचावीस असं मला वाटतं.

तब्येत बरी. साखर आटोक्यात आहे, हिचा रक्तदाब गोळीने ठीक. झालं.

आता ऐक. समाजमंदिरातल्या माझ्या वर्गातली, आठवीतली ती पोर, जिच्याबद्दल मागे लिहिलं होतं, आरशातल्या आकृत्यांची गणितं कागद दुमडून सोडवणारी, ती शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन घरी आली. त्यांची टोळी द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे निघते आहे. दरवर्षीचंच आहे. आषाढात भाताच्या आवणीला पेठकडे गावी, नंतर इथे बांधकामावर, आणि तुळशीचं लग्न झालं की द्राक्षात, ते थेट एप्रिलपर्यंत. पण यंदा तिने एनएमएमएस शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाय. परीक्षा डिसेंबरच्या शेवटी. तुला माहीतच आहे, बौद्धिक क्षमतेचा एक आणि शालेय क्षमतेचा एक, असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर. यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट पोरीच्या खात्यावर. आणि ती यादीत येईल. मी आयुष्यभर पोरांची गणितं तपासली आहेत, हे मी उगाच लिहीत नाही.

ही म्हणाली, परीक्षेपर्यंत, वाटलं तर मार्चपर्यंत पोरीला आमच्याकडे ठेवा, वरची खोली रिकामीच आहे. आई काही बोलली नाही. खुर्ची पुढे केली होती, पण ती दारालगत भिंतीला टेकून खालीच बसली होती. पोरीने मात्र माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "सर, तुमच्या घरात मी काम काय करायचं?"

मी म्हटलं, "अभ्यास करायचा."

ती म्हणाली, "तो तर करीनच. काम काय करायचं?"

बापू, आवाजात रुसवा नव्हता, भीती नव्हती. नव्या शाळेत वेळापत्रक विचारावं तसं विचारलं तिने. ही उठून आत गेली आणि चहा घेऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मला त्या क्षणी तू दिसलास. आपल्या कॉलेजातल्या सरांच्या वाड्यात, नळापासून मोरीपर्यंत दोन्ही हातांत बादल्या घेऊन चाललेला, आणि मी दिंडीदरवाजात उभा राहून तुला सायकलवरून चल म्हणतोय.

म्हणून हे पत्र.

बहात्तरचं ते वर्ष तुला नव्याने काय सांगू. नांदगावकडे तुझे वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते, मनिऑर्डर बंद झाली होती, खानावळीतल्या काकूंची वही भरत चालली होती आणि रेशनवर तो तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, मिळायचा. दिवाळीहून परत येताना तू पिशवीत दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणलीस. आपला दोस्त मामा, त्याने बकाणा भरला आणि म्हणाला, "अरे, सरकार लाडू वळायचं तेवढं विसरलं!" तू हसलास. नंतर बरेच दिवस तुला हसताना पाहिलं नाही. एचपीटी कॉलेजच्या व्हरांड्यात सरांनी तुला थांबवलं आणि दुसरं काही न विचारता म्हणाले, "ट्रंक घेऊन ये." दहीपुलाजवळचा तो वाडा, माडीवरची खोली, सरांच्या घरच्या काकूंच्या हातचं जेवण. आम्हा सगळ्यांना वाटलं, बापूचं भलं झालं.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या रात्री तू ट्रंक घेऊन आमच्या खोलीच्या दारात उभा. सरांना सांगून आलास की न सांगता, हेही सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी होळकर पुलावर आपण भांडलो. खाली नदी इतकी आटलेली की दुतोंड्या मारुतीच्या पायाशीसुद्धा पाणी नव्हतं. मी तुला कृतघ्न म्हणालो. तू म्हणालास, "तुझा डबा निफाडहून एसटीने येतो. तुला कधी कुणाच्या घरी दुसरी पोळी मागावी लागलेली नाही." आणि निघून गेलास. मग ते अबोल्याचे दिवस. शेवटी मामाने आपल्याला विजयानंदला नेलं, स्वतः मधल्या खुर्चीवर बसला आणि मध्यंतरात एकच भेळ घेऊन ती दोघांच्या मधोमध धरून म्हणाला, "आता आधी कोण घेतो ते बघू." तू आधी घेतलीस. मी नंतर कितीदा विचारलं, वाड्यात काय झालं. तू विषय बदलायचास.

कुणी तुला वाईट वागवलं असेल असं मला वाटत नाही. तसं असतं तर तू दर दसऱ्याला सोनं द्यायला त्या वाड्यात गेला नसतास, आणि काकूंच्या शेवटच्या आजारात रात्ररात्र दवाखान्यात बसला नसतास. म्हणजे माणसं चांगली होती, जेवण मिळत होतं, अभ्यासाला खोली होती, आणि तरीही तू राहू शकला नाहीस. मला नेमकं हेच समजून घ्यायचं आहे. आमचंही घर चांगलं आहे, जेवण आहे, खोली आहे.

गेले चार दिवस मी एवढाच विचार करतोय. काम नाही म्हणावं, तर ती पाहुणी होते, आणि पाहुणा चार दिवसांचा. डिसेंबरपर्यंत तेरा वर्षांची पोर दुसऱ्याच्या घरात नुसती बसून खाईल का? ती तसली नाहीच. वर्ग सुटला की सांगायच्या आत सतरंज्या झटकून घड्या घालते. आमच्याकडे आली तर ही उठायच्या आत भांडी घासून मोकळी होईल, आणि तिला नको म्हणणं म्हणजे तिच्याकडे देण्यासारखं जे आहे तेच नाकारणं. बरं, काम सांगावं, तर गल्लीत उद्या बोलतील की मास्तरांनी शिकवायच्या नावाखाली घरकामाला पोरगी आणली. लोकांचं मी एक वेळ सोडून देईन. पण पोरीच्या मनात हिशेब सुरू होईल त्याचं काय? आज चार भांडी, म्हणजे दोन पोळ्या. हे मला माझ्या घरात नको आहे. तुझ्या मनात असला हिशेब चालायचा का, बापू?

मुलाशी बोललो. तो म्हणाला, आधी कागद करा, आईवडिलांची लेखी संमती घ्या, शाळेच्या बाईंना कळवा, परक्याची अल्पवयीन मुलगी घरात ठेवणं सोपं नाही. बरोबर आहे त्याचं, ते सगळं करीनच. पण कागद झाला तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात लिहिलेलं नसणार.

दुसरे रस्ते शोधले नाहीत असं समजू नकोस. आश्रमशाळेला आईच नाही म्हणते, आणि वर्षाच्या मध्यावर पोरीला तिथे नव्याने बसवण्यात परीक्षा हातची जाईल. शिक्षण हमी कार्ड आहे. स्थलांतर करणारं पोर ज्या गावी जाईल तिथल्या शाळेने ते बघून त्याला वर्गात घ्यायचं, अशी सोय. सोय चांगली आहे. पण मळ्यापासून शाळा दोन-तीन किलोमीटर, आणि पोरीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आई दिवसभर डिपिंगला, जीएच्या, म्हणजे घड फुगवायच्या औषधाच्या, पाण्यात एकेक घड बुडवत वेलींखालून चालायचं, तिथे रांगतं पोर नेता येत नाही. म्हणजे थोरलीने सांभाळायचं. आमच्याकडे ती आली तर त्या लेकराला कोण बघणार? हा प्रश्न आईने विचारला नाही, पण तो त्या भिंतीशी तिच्या शेजारीच बसला होता.

आणि अजून एक गोष्ट, ती ऐकून मी गप्पच झालो. टोळीचा हिशेब ही पोर ठेवते. एकराचा ठरलेला दर, त्यातून मुकादमाची उचल वजा, किराण्याची उधारी वजा, कोण किती दिवस आजारी होतं, सगळं एका शंभर पानी वहीत. मागच्या हंगामात वाटणीत फरक आला तो पोरीने काढला आणि सगळ्यांसमोर मांडला. मुकादमाने मान्य केला. आई म्हणाली, "सर, तिकडं हिशेब कोण धरील?" बापू, आपण दोघांनी मिळून सत्तर वर्षं शिकवलं असेल. गणित कशाला शिकायचं, असं पोरं विचारायची तेव्हा आपण काहीबाही उत्तरं द्यायचो. इथे एक अख्खी टोळी त्या वहीवर विसंबून आहे. मी पोरीला तिथून उचलून आणतो म्हणजे एका परीक्षेसाठी त्यांचं शिकलेलं माणूस काढून घेतो.

तरीसुद्धा ती परीक्षेला बसलीच पाहिजे. यावर माझं मन जराही डळमळत नाही. टोळीचा हिशेब लिहिता येतो म्हणून तिने जन्मभर टोळीचाच हिशेब लिहावा का?

माझ्या धाकट्या भावाला फोन केला. द्राक्षबाग अजून त्याच्याकडेच आहे. यंदा तो मेटाकुटीला आलाय. मेपासून पाऊस थांबलाच नाही, एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागतं ते मिळालं नाही, आणि ऑक्टोबर छाटणी लांबली ती लांबली, वर फुटीत घड कमी, होते ते जिरले. घड कमी म्हणजे विरळणीला माणसं कमी, म्हणजे मजुरांनाही काम कमी. म्हणून यंदा टोळ्यांना घाई आहे, आधी पोचेल त्याला काम. हे मला पोरीच्या आईने सांगितलं नव्हतं, धाकट्याकडून कळलं. मी त्याला म्हटलं, ह्या टोळीला तुझ्याकडे घे, तुझ्या बागेपासून शाळा जवळ आहे, मी आठवड्याला येऊन तिला शिकवीन. तो म्हणाला, "दादा, घेतो. पण मग तू मास्तर म्हणून येणार की मालकाचा भाऊ म्हणून?" लहानपणी गोट्यांत हरायचा तेव्हा असं बोलता यायचं नाही त्याला. पण विचारलं ते खरं आहे. वेलीखाली उभ्या असलेल्या आईला मी कोण वाटेन?

मधेच वर्गाचं सांगतो, नाहीतर म्हणशील एकाच पोरीचं लावून धरलंय. समाजमंदिरातली ट्यूबलाइट बदलली. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, पेठ रोडला जायला फिरून जावं लागतं, पण पोरं वेळेवर येतात. डीएडच्या दोन मुली आता नेमाने येतात, वाचन त्यांच्याकडे. नवं पोर आलं की आधी अक्षर, मग शब्द, परिच्छेद, गोष्ट, 'असर'च्या वाचन पाहणीवाले तपासतात तसंच बघतो आणि इयत्ता विसरून तिथून सुरू करतो. सहावीतला एक मुलगा शब्दांवर अडलेला होता, त्याने परवा अख्खी गोष्ट वाचली आणि शेवट आवडला नाही म्हणून माझ्याशी भांडला. मला फार बरं वाटलं. गोष्टीशी भांडायला ती आधी कळावी लागते.

आणि हो, वीस एक! तू २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हटलं, त्यावरून माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हतास. मराठीचा खून, म्हणाला होतास. ये एकदा आणि माझ्या शेजारी बस. त्रेसष्ट म्हटलं की पोर आधी तीन लिहितं, मग सहा, ३६ होतात. ज्याच्या घरी दुसरी बोली आहे त्याला तर ऐंशीच्या पुढे नुसता अंधार. मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे देतो, साठ आणि तीन म्हणायला लावतो, मग त्रेसष्ट. दोन्ही म्हणतात पोरं, आणि हातचा का घ्यायचा ते गठ्ठा सोडला की आपोआप कळतं. तुझी मराठी जिवंत आहे, काळजी करू नकोस.

तुझा दुसरा आक्षेपही मला पाठ आहे. आपण निवृत्त मंडळींनी असे वर्ग चालवायचे म्हणजे शाळांना जबाबदारीतून सूट द्यायची. शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलाय, तो उपकार म्हणून वाटायचा नाही. मुद्दा मी खोडत नाही. मुख्याध्यापकांकडे जाऊन बसतो, पोरांच्या हजेरीवरून भांडतोही. पण सहावीतल्या मुलाला, शाळा सुधारेपर्यंत थांब, असं मी म्हणू शकत नाही. तो पुढच्या वर्षी सातवीत जाणार. याबाबतीत तू आणि मी एकमेकांना पटवू शकणार नाही, आणि ते असू दे.

पण बघ, उपकार हा तुझाच शब्द. आणि मला आठवलं तुझ्या निवृत्तीच्या समारंभात हेडक्लार्कनी फोडलेलं गुपित. पोरांच्या फिया तू भरायचास आणि माफ झाली म्हणून सांगायला लावायचास. एकालाही कळू दिलं नाहीस की पैसे कुणाचे. टाळ्या वाजत होत्या आणि तू त्यांच्यावर चिडला होतास. मी तेव्हाच समजलो की वाड्यातून तू जे घेऊन आलास ते असं इतक्या वर्षांनी बाहेर पडत होतं. देणारा दिसताच कामा नये, असं तुझं मत. पण मी माझ्या घरात अदृश्य कसा होऊ? ती समोर जेवायला बसेल. तिला मीठ लागेल, उशी लागेल, पाळी येईल, रात्री आईची आठवण येईल. फी भरता येते गुपचूप. पोर गुपचूप ठेवता येत नाही.

म्हणून सरळ विचारतो, आणि आता तरी विषय बदलू नकोस. सरांच्या घरात तुला काय खुपत होतं? पाणी भरणं की पाणी भरायला कुणी न सांगणं? सरांच्या मुलाला तू शिकवायचास, ते काम तुला बरं वाटायचं का? काकू "आपलंच घर समज" म्हणायच्या, ते ऐकून काय व्हायचं? आणि काय केलं असतं त्यांनी, म्हणजे तू पावसात ट्रंक घेऊन निघाला नसतास?

माझ्या मनात एक येतंय, चूक की बरोबर ते तू सांग. तिला वर्गातलं काम द्यावं, घरातलं नाही. लहान पोरांची पाढ्यांची वही तिने तपासायची, त्याचं जे काही असेल ते तिच्या नावावर, तिच्या वहीत, तिच्याच अक्षरात. शनिवारी पिंपळगावची एसटी, रविवारी रात्री परत, म्हणजे टोळीचा आठवड्याचा हिशेबही तिच्याच हातून होईल आणि धाकट्या भावालाही ती दिसेल. मी बसला सोडीन, आणायला जाईन. दोन दिवस अभ्यास बुडेल, बुडू दे. लेकराचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ही म्हणते, त्यालाही आणा. तिचा जीव तसाच आहे, पण दीड वर्षाचं पोर आईपासून तोडायचं नाही.

तुझ्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया थंडीतच उरकून घे, पुढे ढकलू नकोस. नात पहिलीत गेली ना? तिला वीस एक शिकवतात का ते गुपचूप बघून ठेव. येवल्याच्या घराचा व्यवहार कुठवर आला ते एका ओळीत कळव. ताईंना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद. मामाच्या वर्षश्राद्धाला त्याच्या मुलाने बोलावलंय, तू येणार असलास तर आपण एकत्र जाऊ.

तिची आई शुक्रवारी उत्तर न्यायला येणार आहे. हे स्पीडपोस्टाने टाकतोय. पत्र लिहायला वेळ नसला तर गच्चीवर जाऊन फोन कर, एकटा.

तुझा,
मास्तर

ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, बापूभावजींना एवढं विचारा, दुसरी पोळी मागायच्या आधीच कुणी ताटात टाकली असती तर बरं वाटलं असतं, की पोळ्यांचा डबाच पुढ्यात ठेवून तुमचं तुम्ही घ्या म्हटलं असतं तर? तिला ते शुक्रवारच्या आत हवं आहे.